टपावर पऱ्हाट्या

२ जानेवारी, वरणगाव
पऱ्हाट्या टपावर चढल्या! कपाशीच्या वाळक्या काड्यांचे भारे, वर ताडपत्री. शिवाय भरताची वांगी गोणीभर आणि ठेचायची लाकडी बडजी. समुद्रावर निघालोय की शेतात पार्टीला, कळत नाही. ह्यांचं एकच — "गॅसवर भाजलं तं ते भरीत नही!" पुढं बोलायची सोय नाही.

गाडी म्हणजे शाळेची जुनी मिनीबस. फॅक्टरीतून रिटायर झाल्या झाल्या ह्यांनी घेतली आणि जळगावला आत पलंग, ओटा, पंखा बसवून आणला. कोकणात उतरायचं, किनाऱ्याकिनाऱ्यानं वेंगुर्ल्यापर्यंत जायचं, होळीला घरी. लायसन दोघांचं काढलं, तेही ह्यांच्याच हट्टानं — "एकाचा डोया लागला तं दुसऱ्यानं चालवायची."

शेजारच्या बेबाबाई म्हणाल्या, "चांगलं घर सोडून मोटारीत राहाले जाता? हौसेले मोल नही, माय!" मला कसली हौस? हे निघाले म्हणून मी.

३ जानेवारी, धुळे
पेट्रोल पंपाच्या आवारात मुक्काम. थंडीनं दात वाजताहेत. सगळ्या गोधड्या अंगावर.

७ जानेवारी, गुहागर
समुद्र पाहिला. काय लिहू!

जानेवारीत चक्क उकडतंय. स्वेटर पेटीत गेले. माडांच्या वाडीत गाडी लावलीय. मालक सुर्वेकाका नळ, लाईट, न्हाणीघर देतात. शेजारी अशाच गाड्या, एक पुण्याची, एक बेळगावची. संध्याकाळी पाण्यात उभी राहिले तर लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं. हे वाळूवरून ओरडत होते, "मागं सर! मागं सर!" नाही सरले.

१० जानेवारी, गुहागर
भरताची फजिती! ह्यांनी सगळ्या वाडीला जेवायला बोलावलेलं. आपल्याकडे पऱ्हाटीला काडी लावली की भडका. इथल्या हवेनं ताडपत्रीखालीही ओल धरलेली. नुसता धूर! सुर्वेकाका बादली घेऊन धावत — "अहो, माड जळतील ना माझे!"

वांगी बाहेरून काळी, आतून कच्ची. तरी हे बडजी घेऊन बसलेच. ठेचली, वाढली. पुण्याच्या बाई "छान आहे हं" म्हणाल्या आणि वाटी झाकून ठेवली. मला हसू आवरेना. मग ह्यांचं तोंड पाहिलं. जेवलेच नाहीत हे.

१४ जानेवारी, गणपतीपुळे
गुहागरहून गाडी मी आणली! तवसाळला फेरीबोटीवर चढवलीसुद्धा. ह्यांनी डोळे मिटून घेतले होते.

संक्रांत. तीळगूळ दिला तर हातात धरून बसले. "मले झोप लागत नही अठी. हा समुद्र रातभर बोंबलते. चाल घरी." वाटलं, आज सण, म्हणून आठवण येत असेल. होईल ठीक.

१५ जानेवारी, गणपतीपुळे
ठीक काही झालं नाही. मासळीचा वास नको, दमट गादी नको, भाताला चव नाही. उद्या निघायचं म्हणतात.

आणि मला पुढं जायचंय! आयुष्यभर फॅक्टरीच्या भोंग्यावर उठले. ह्यांची शिफ्ट, ह्यांचा डबा, मग लेकाची, प्रकाशची शाळा. इथं सकाळी उठते ती माझी मी. वेंगुर्ला पाहायचंच आहे असं नाही, पण मधूनच मागं फिरायचं जिवावर येतंय. धीर करून बोलले. हे शांतपणे म्हणाले, "तं कोन नेईन तुले?"

भांडी घासली. पऱ्हाट्या सुर्वेकाकांकडेच राहिल्या, बडजी बांधून ठेवली.

१६ जानेवारी
सकाळी निघालो. स्टेअरिंगवर मी. निवळी फाट्याला हे म्हणाले, "डावीकडे." डावीकडे चिपळूण, मुंबई, घर. मी गाडी कडेला लावली. म्हटलं, "मी नेईन मला."

ह्यांनी खिशातून फोन काढून मुंबईला प्रकाशला लावला. "मी रेल्वेनं येतो, पनवेलले घ्याले ये. नही रे, भांडण नही. तुह्या आईले फिरायचं आहे."

उजवीकडे वळले. रत्नागिरी स्टेशनवर त्यांना बसवून दिलं. खिडकीतून म्हणाले, "सावकाश चालवजो." गाडीत येऊन खूप रडले.

१७ जानेवारी, राजापूर
एकटीचा चहा टाकला. साखर अर्धीच. लग्न झाल्यापासून ह्यांच्या गोडीचा पीत आले, मला कमी लागते हे आज कळलं.