ग्रहण पाहायला नेलेला डबा

बुधवार, संध्याकाळ

सारथी तारकासमूहातल्या त्या ताऱ्याचं ग्रहण २०३६ मध्येच. नागपूरच्या तारांगणातल्या सरांनी आज फोनवर पक्कं केलं. दर सत्तावीस वर्षांनी त्याचा जोडीदार धुळीची अवाढव्य तबकडी घेऊन आडवा येतो. मग तारा हळूहळू मंदावतो आणि जवळजवळ दोन वर्षं तसाच राहतो.

मागच्या खेपेला ते ‘दोन वर्षं’ मी बातमीच्या घाईत वाचलंच नव्हतं. सूर्यग्रहणासारखं तासाभरात उरकेल समजून सुमनला चोरखमारा तलावाच्या पाळीवर नेलं. सोबत पुऱ्यांचा डबा. पुऱ्या संपल्या, तारा होता तसाच! बायकोसमोर इतकी फजिती कधी झाली नव्हती.

आज तिला म्हटलं, २०३६ ला पुन्हा जाऊ, तर ती हसतच सुटली. “काऊन जी, तारा तं झाकलाच नाही, डबा तेवढा रिकामा झाला!”

या वेळी महिन्या-महिन्याने जाऊन त्याचं तेज शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहायचं. पण तेव्हा मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा असेन. पाळ चढवेल का? संध्याकाळभर हेच डोक्यात. शेवटी तिलाच विचारलं.

“हात मी धरीन. डबा तुमी धरजा.”

उद्या सकाळपासून पाळीवर फिरायला जायचं ठरलंय. डबा घेऊनच. सराव नको का?