आठवी ब गप्प आहे

सोम., १७ नोव्हें.
एका ओरडण्याचा खरा खर्च आज मांडून बघितला. ओरडायला अर्धं मिनिट. पोरं दचकून शांत व्हायला एक. माझं डोकं थंड होऊन गणित पुन्हा सापडायला चार. मागच्या बाकांवर 'सर तापले'ची खुसखुस, तीन. पस्तीस मिनिटांच्या तासातली साडेआठ गेली, वर घसा दोन दिवस कामातून. शेजारच्या वर्गात देसले सर हे दिवसातून पाचदा करतात. मी करत नाही.
माझं काम कानाचं. शीळफाट्याच्या गॅरेजात नऊ वर्षं काढली. बॉनेट न उघडता सांगायचो, बेअरिंग गेलंय. रात्रीचं कॉलेज, मग बी.एड., आता विठ्ठलवाडीची ही शाळा. आठवी ब, अठ्ठावन्न पोरं. मॉनिटरने फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावे' लिहायची पद्धत मी आल्या आल्या बंद केली. त्या यादीत मॉनिटरच्या मैत्रिणी कधीच नसतात.
आज स्टाफरूममध्ये छाती फुगवून सांगितलं, वर्गाकडे पाठ असली तरी कोण बोललं ते नावानिशी सांगतो. अठ्ठावन्न आवाज पाठ आहेत. देसले सर म्हणाले, "लिहून द्या." दिलं. जुन्या नोटिशीच्या पाठीवर, सहीसकट.

मंगळ., १८
चौथा तास. फळ्यावर समीकरण. मागून माझ्याच आवाजात, "बरोब्बर!" पायरी जमली की म्हणायची माझी सवय. हुबेहूब उचललेली. वर्ग हसून फुटला. खरं तर मलाही हसू आलेलं. तिथेच सोडायला हवं होतं. पण कालच लिहून दिलेलं. न वळता म्हणालो, "सानिका, उभी राहा."
"सर, मी नाही."
"माझा कान चुकत नाही."
"आईशप्पथ सर, मी नाही."
तास संपेपर्यंत उभी ठेवली. शाळेच्या डायरीत शेरा, पालकांची सही आण म्हणून.
सानिका खिडकीकडची, तिसरा बाक. उत्तर येवो न येवो, पहिला हात तिचा. बसताना माझ्याकडे बघितलं नाही.

बुध., १९
हजेरी. सानिकाने "हजर सर" म्हटलं नाही, नुसता हात वर. मी म्हटलं, "तोंडाने." हात तसाच. पुढचं नाव घेतलं. मग तिच्यामागच्या पाच-सहा जणींचेही हातच. दुपारच्या तासाला सगळाच वर्ग तसा. विचारलं की उत्तर, बरोबर, तेवढंच. शंका नाही. पाणी प्यायला जाऊ का नाही. शेजाऱ्याचं पेन पळवणं नाही.
म्हात्रे शिपाई नोटीस घेऊन आला, दारातच थबकला. "काय वो सर, वर्गान पोरा नाय का आज?"
म्हात्रेने तोंड उघडलं की पोरं हसतात. आज नाही.
डायरीवर सही आली. खाली तिच्या आईचं अक्षर. 'सानिका म्हणते तिने केलं नाही. ती खोटं बोलत नाही.'
दोनदा वाचलं. पण माझा कान...

गुरु., २०
मधल्या सुट्टीत प्राची, आमची मॉनिटर, स्टाफरूमच्या दारात.
"सर, ते मी बोललेले."
"काय?"
"बरोब्बर."
आधी मागे बघितलं, देसले सरांनी ऐकलं का. ते चहात. हे आधी बघितलं, लिहून ठेवतो.
"मग तेव्हाच का नाही बोललीस?"
"तुम्ही विचारलंच नाही ना सर कोणाला. डायरेक नाव घेतलं."
प्राची बसते दाराकडे. मी ऐकलं खिडकीकडून.
शाळा सुटताना सानिकाला जिन्यात गाठलं. "बाळा, माझी चूक झाली. सॉरी." मान हलवली, उतरून गेली. हलकं वाटेल असं वाटलेलं.
आणि त्यात मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. "काय केलंत हो आठवी ब ला? बाहेरून गेले तर वाटलं वर्ग मैदानावर गेलाय! उद्या आपले तीन नवीन शिक्षक तुमच्या तासाला मागे बसवते. वर्ग कसा सांभाळायचा ते बघू देत जरा."
'बाई, तो सांभाळलेला नाही, रुसलेला आहे,' हे बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "बसवा की."

शुक्र., २१
तिघांपैकी एक मॅडम घोडबंदरहून येणाऱ्या, ट्रॅफिकमध्ये अडकल्या, म्हणून तास पाच मिनिटं उशिरा. तेवढ्यात मनात दोनदा घोकलं, 'मंगळवारी चूक माझी होती. सानिकाची नव्हती.' दोन वाक्यं. मागच्या तीन खुर्च्यांकडे नजर गेली. प्राची माझ्या तोंडाकडेच बघत होती. बहुतेक सगळेच. मी म्हणालो, "वह्या काढा."
तास घडीच्या कापडासारखा. एक सुरकुती नाही.
शेवटी त्या मॅडम वर्गासमोरच विचारतात, "सर, यांना एवढं शांत कसं ठेवता?"
"सवय लावायची," मी म्हणालो. अठ्ठावन्न जणांनी ऐकलं. सानिकाने घंटेआधीच दप्तर भरायला घेतलं.

रवि., २३
काल अर्धी शाळा, काल पण हातच. सानिकाच्या वहीत सहावं गणित अर्धं सोडलेलं. आधी अडलं की टेबलापाशी यायची, "सर, इथे अडलंय." काल अडलं तिथेच ठेवलं. पोर गणितातून उठली तर ती माझ्यामुळे. हेच डोक्यात फिरतंय.
सुनंदा मेथी निवडत होती. बायकोला काय लपवणार, सगळं सांगितलं. जिन्यात सॉरी म्हटलं तेही, जरा मोठेपणाने. तिने मेथी खाली ठेवली.
"अहो, थप्पड चौकात मारायची आणि माफी बोळात मागायची?"
"वर्गासमोर मागितली तर उद्या डोक्यावर बसतील."
"आत्ता कुठे बसलीयत? तुमच्या जवळ तरी येतायत का?"
गॅरेजात चुकीचा पार्ट खोलला तर परत बसवता यायचा.

सोम., २४
पहिलाच तास. हजेरी घेतली नाही. खडू ठेवला.
"मंगळवारी सानिका बोलली नव्हती. मी न वळता, न विचारता तिचं नाव घेतलं. सगळ्यांसमोर घेतलं, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. चूक माझी. सानिका, डायरीतला शेरा मी खोडणार आहे."
शांतता. तीच. आता पुढे काय, ते ठरवलंच नव्हतं.
मग चौथ्या बाकावरचा श्रेयस, "पण सर, तुम्हाला तर सगळे आवाज पाठ आहेत ना?"
"तूच बघ मग," म्हणालो आणि फळ्याकडे तोंड केलं. एकेकाने "हजर सर" म्हणायचं, वाटेल त्या क्रमाने. मी नाव सांगायचं. चुकलो की सगळ्यांनी "नाही!" हिशेब प्राचीकडे.
फळ्याकडे बघत उभा राहिलो. मग एक "हजर सर." ओळखला. दुसरा पण. तिसऱ्याला "नाही!" पुढच्यालाही "नाही!" मग सुटलेच. कोणी जागा बदलल्या, कोणी नाक दाबून, कोणी म्हात्रेच्या हेलात. बाक सरकतायत, हसण्यात आवाज बुडतायत. देसले सर दारात, "अहो, काय चाललंय काय?" त्यांनाही कोणीतरी "हजर सर!"
तीन बारीक आवाजांना मी सानिका म्हणालो. तिन्ही वेळा "नाही!"
घंटा. वळलो तर ती खाली वाकून दप्तरात काहीतरी शोधत होती. चेहरा दिसला नाही.
प्राचीला हळूच विचारलं, "सानिका बोलली का गं?"
"सर, ते तुम्ही ओळखायचं होतं."
चुका मोजणं तिने मध्येच सोडून दिलेलं. बरोबर ओळखलेले तेवढे तिच्या वहीत होते. अठ्ठावन्नपैकी सतरा.