'बिन' या शब्दामुळे करावी लागलेली व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, धंदा सोफे-खुर्च्यांचे गादीकाम, राहणार दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. मुलगी "आई, एकदाचं लिहून टाक" असे वर्षभर म्हणत होती, तो दबावात धरू नये.

वकीलबाईंच्या मसुद्यात 'सदर', 'मजकूर', 'उपरोक्त' असे शब्द होते. ते मी काढायला लावले. पुढेमागे आमच्यापैकी कोणी घराण्याचा इतिहास लिहायला बसले तर ते काय वाचतील, याचा मला भरवसा नाही. का नाही, ते कलम चारमध्ये आहे.

१. घर. दुकान व वरच्या दोन खोल्या मुलीला. जावईबापूंनी खुशाल राहावे, पण भिंती पाडू नयेत. त्यांना सगळीकडे मोकळी जागा करायची हौस आहे.

२. हत्यारे. वाकड्या सुया, पट्टे ताणायचे लाकूड, दोन्ही हातोड्या व मोठे शिलाई मशीन आमच्या कारागीर बाईंना, ज्यांना सगळे मुकादम म्हणतात. माझ्याशी रोज भांडून त्यांनी काम चोख ठेवले. मशीनला चामड्याचाच पट्टा लावावा. त्या नायलॉनचा लावणार, हे मला माहीत आहे.

३. बँकेतली ठेव मुलगी व नात यांना निम्मी निम्मी. आरशाचे कपाट नणंदबाईंना. माझे लग्न झाल्यापासून त्या त्याच्याकडे बघून "जुनं झालं की गं" म्हणत आल्या आहेत.

४. माझे लांबचे चुलत दीर, सर्वांचे दादा. हे कलम लांबले आहे, त्याला इलाज नाही.

दादा कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. निवृत्त झाल्यावर ते घराण्याचा इतिहास लिहू लागले आणि सरकारी दप्तरातून जुन्या दस्तांच्या नकला आणू लागले. जुन्या कागदात 'मौजे मजकूर' म्हणजे वर सांगितलेले गाव. दादांना वाटले, मजकूर हेच आपले मूळ गाव. बस ठरवून त्यांनी सगळ्या भाऊबंदांना ते शोधायला नेले. एका टपरीवाल्याने "पुढच्या वळणावर आहे" असे सांगितलेसुद्धा. वळणावर आम्ही डबे खाल्ले आणि परत आलो. मग त्यांना 'कूळ' सापडले. दुसऱ्याची जमीन कसतो, ते कूळ. दादांनी ते थोर कूळ असे वाचले आणि घराण्याचे मानचिन्ह करवून घेतले. इथवर आम्ही हसत होतो.

मग पुस्तक छापून आले. एका दस्तात दादांच्या आजोबांच्या नावापुढे 'वल्लद' आणि वडिलांचे नाव होते. दुसऱ्या कारकुनाने लिहिलेल्या दस्तात माझ्या पतींच्या आजोबांच्या नावापुढे 'बिन' आणि तेच नाव. (पतींना यापुढे नुसते 'हे' म्हटले आहे. जन्मभर तसेच म्हटले.) दोघे आजोबा सख्खे भाऊ. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, अमक्याचा मुलगा. दादांनी मात्र 'बिन' हा बिनपगारी, बिनभाड्याचा याच चालीवर वाचला आणि पान एक्केचाळीसवर छापले की आमची शाखा पितृहीन असून केवळ दयेने घराण्यात वाढली.

भाऊबंद आमच्याशी जरा जास्तच गोड बोलू लागले. पुतणीच्या लग्नात घराण्याचा फोटो निघत होता, तेव्हा कोणीतरी ह्यांना म्हणाले, तुम्ही पुढच्या फोटोत या. ह्यांनी कोट काढून हातावर घेतला आणि आम्ही घरी आलो. दुकानात बसल्यावर हे म्हणाले, "मग माझे आजोबा मला कोणाच्या आठवणी सांगायचे गं?" त्यानंतर हे भाऊबंदांच्या एकाही कार्याला गेले नाहीत.

आमची मुलगी दातांची डॉक्टर. ती स्वतः जाऊन मूळ बाड बघून आली. तिने फक्त पान उलटले. जमीन देणारा बिन, घेणारा बिन, साक्षीदार बिन. गावात एकाही पुरुषाला बाप नव्हता. पुढे एका दस्तात दादांचे आजोबाही बिनच होते. हे ऐकून हे पोट धरून हसले. तिने नक्कल नेऊन दादांच्या टेबलावर ठेवली. दादांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली. मग त्यांनी शुद्धिपत्र काढले : 'पान ४१. पितृहीन ऐवजी पितृयुक्त वाचावे.' माफीला त्यात जागा पुरली नसावी. ते छापून आले तोवर हे गेले होते.

५. हातांची खुर्ची. ही दादांच्या आजोबांची, पुस्तकाच्या आधी आमच्याकडे दुरुस्तीला आलेली. पुस्तक आल्यावर मी म्हटले, रस्त्यावर ठेवून द्या. ह्यांनी ती पार सांगाड्यापर्यंत सोलली, काथ्या आणि कापूस नव्याने भरला, कडेने पितळी खिळे मारले. म्हणाले, "खुर्चीनं काय केलंय?" दादा ती न्यायला आले नाहीत. माझ्यामागे त्यांनी न्यावी. ती त्यांचीच आहे, म्हणजे मी त्यांना काही देत नाही आणि त्यामुळे ते साक्षीला चालतात, असे वकीलबाईंचे मत पडले. हे ह्यांच्या हातचे शेवटचे काम. तिच्यावर रद्दीचे गठ्ठे ठेवू नयेत. बसावे.

याआधी मी लिहिलेले काही सापडल्यास ते रद्द समजावे.

सही : (माझी)
साक्षीदार १ : आमच्या फॅमिली डॉक्टर
साक्षीदार २ : चुलत दीर, दादा
ठिकाण : दुकानाच्या वरची खोली
तारीख : सहीखाली शाईने घातली आहे

टीप, सह्या झाल्यावर माझ्याच हातची. दादांनी सगळे वाचले आणि कलम चार काढता येईल का, असे विचारले. मी म्हटले, "येईल की. पण ह्यांच्या आजोबांना बाप होता, हे मग कुठं लिहू?" त्यांनी पेन उघडले. वकीलबाईंनी सही शेवटच्या पानावर मागितली होती. दादांनी प्रत्येक पानावर केली.