रुग्णाने समक्ष यावे

३ मार्च
चि. भाऊरायास अनेक आशीर्वाद.

पित्ताशयाचं ऑपरेशन अडलंय. मागे अपेंडिक्सच्या वेळी तुझ्याच हॉस्पिटलात भूल दिल्यावर मी उठता उठेना, आठवतं ना? ते औषध कोणतं, हे कळल्याशिवाय इथले डॉक्टर हात लावायला तयार नाहीत, आणि दुखणं तर जीव घेतंय. मी ऐटीत सांगून बसले, की तिथला नोंदी विभाग आमच्या धाकट्याच्या ताब्यात आहे, संगणकावरून संध्याकाळपर्यंत कागद येतील. लवकर पाठव, चारचौघांत माझं नाक कापू नकोस.

तुझी ताई

६ मार्च
ती. ताईस साष्टांग नमस्कार.

नाक कापलं गेलंय, पण माझं. रुग्णाने समक्ष येऊन नोंदीप्रमुखासमोर सही केल्याशिवाय संगणकावरून काहीही बाहेर पाठवू नये, हा नियम मीच लिहिलाय. एका सुनेचा रिपोर्ट तिच्याआधी सासूच्या फोनवर पोचला होता, म्हणून. तेव्हा टाळ्या पडल्या, मीही फुगलो. आज तुझ्यासाठी सवलत मागायला स्वतःच्याच टेबलासमोर उभा राहिलो आणि स्वतःलाच नाही म्हणालो. नियम बदलायचा तर समिती बसायला हवी, आणि समितीत सगळ्यांत आडमुठा मीच. पण प्रमुखाने कुठे बसून सही घ्यावी, हे लिहायचं राहून गेलंय! तेव्हा प्रमुखच उद्या शिक्का घेऊन तुझ्या खाटेशी येतोय. धीर धर.

तुझा शहाणा

१० मार्च
ती. ताईस साष्टांग नमस्कार.

एवढ्या लांब आलो तो रिकाम्या हाताने, आणि सही घेऊन पाठवायचं बटण दाबायला परत गेलो, म्हणून तुझे डॉक्टर पोट धरून हसले. हसू देत. कागद त्यांना मिळाले आणि आज तुझं ऑपरेशन झालं, एवढं समजलं. पुढचं विचारायला फोन केला, तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, रुग्णाच्या लेखी परवानगीशिवाय काही सांगता येत नाही. भाऊ आहे म्हटलं, तर म्हणाल्या, तसं सगळेच म्हणतात. अगदी माझंच बोलणं! त्यांच्यावर चिडू तरी कुठल्या तोंडाने? पत्र मात्र थेट रुग्णाच्या हातात देतात म्हणे, म्हणून हे लिहितोय. ताई, मला फार भीती वाटतेय गं. उठलीस का, एवढंच कळव.

तुझा भाऊ

१२ मार्च
चि. शहाण्यास अनेक आशीर्वाद.

उठले. घसा धरलाय, फोनवर आवाज फुटत नाही, म्हणून या दोन ओळी. मी जिवंत आहे, हे माझ्या भावाला सांगायला माझी पूर्ण परवानगी आहे. खाली सही केली आहे. लोभ मात्र परवानगीवाचून करत जा.

तुझी ताई