डावीकडचा फोटो

१ डिसेंबर २०१७, शुक्रवार. दुपार. स्टुडिओत गिऱ्हाईक नाही.

ही वही फक्त माझ्यासाठी. महामायानं, म्हणजे बायकोनं, उघडू नये म्हणून कव्हरवर 'लाइट बिल' असं लिहून ठेवलंय.

'कात्री-डिंक कट्टा'वर डिसेंबरचं चॅलेंज आलं. फेसबुकवरचा ग्रुप आहे, तीन हजार मेंबर. खरी कात्री अन् खरा डिंक कुणाकडेच नाही, सगळं कॉम्प्युटरवर. एक फोटो घ्यायचा, मागे डिझाइनचा कागद, कडेला रिबन, फुलं, खाली दोन ओळी मजकूर. झालं आठवणींचं पान. म्हणजे मी अठरा वर्षं जानेफळातल्या लग्नांच्या अल्बमात जे करतोय तेच. तरी आठ महिन्यांत माझं एकही पान निवडलेलं नाही. मागच्या वेळी सात लाइक. त्यातलं एक माझं, एक स्टुडिओच्या पेजचं, एक महामायाच्या अकाउंटवरून. ते अकाउंट मीच चालवतो.

या वेळचा विषय: 'पांढरं'. शेवटची तारीख २०, निकाल त्याच संध्याकाळी. जिंकणाऱ्याचं पान महिनाभर ग्रुपच्या माथ्यावर, वर 'प्रेरणा' म्हणून मुलाखत.

मागच्या महिन्याची प्रेरणा कोण, तर देऊळगाव राजाची नाजिश. येऊन तीन महिने झाले नाहीत. वडिलांच्या शिलाई दुकानातली जुनी टेप स्कॅन केली अन् खाली लिहिलं, 'या टेपनं अब्बूंनी अर्ध्या गावाचे खांदे मोजले.' बाराशे लाइक. टेपवरचे आकडेही धड दिसत नव्हते. निदान ते तरी नीट करून टाकायचे.

निश्चय: या वेळी पहिला नंबर. नाजिशच्या पानांकडे बघायचं नाही. रागावर ताबा.

संध्याकाळी ७. नाजिशची सगळी पानं बघितली. फक्त अभ्यास म्हणून.

३ डिसेंबर, रविवार

सकाळी जनकाबाई आली. माझी मोठी बहीण. तिचं गाव इथून दोन कोस, पण येते तेव्हा कामच घेऊन येते. कपाशीवर गुलाबी अळी पडली आहे. पंचनाम्याचे लोक गावात येऊन गेले, पण बाईचं शेत नाल्यापलीकडे, तिकडे कुणी फिरकलं नाही. आता २२ तारखेपर्यंत तालुक्याला अर्ज द्यायचा, सोबत नुकसानीचे फोटो. बाई म्हणाली, बीटीले अळी लागत नाही म्हनत होते, आता अळीले बीटी लागून राह्यली. यात माझ्याकडे बघण्यासारखं काय होतं कळलं नाही. बियाणं मी विकतो काय?

गेलो. दयाराम भाऊजी, बाईचे यजमान, बांधावर बसले होते, नमस्काराला नुसती मान हलवली. वरून बोंडं बरी दिसतात. उकलून बघितलं की आत भोक, पिवळी पडलेली कवडी, म्हणजे किडका कापूस, अन् मधोमध गुलाबी अळी, अंग आखडून बसलेली. बाई एकेक बोंड फोडून हातावर धरत होती, मी फोटो काढत होतो. तिच्या बोटांना चिरा पडलेल्या. नखंसुद्धा काळी. फ्रेम फार खराब आली.

पण डोक्यात वीज चमकली. पांढरं! कापूस! एवढं समोर असून तीन हजारांत एकालाही सुचलं नसेल.

४ डिसेंबर, सोमवार

दिवसभर काम. नवरीच्या गालावरचा मुरूम काढायचं टूल अन् बोंडावरचं भोक बुजवायचं टूल एकच असतं. अळी एका क्लिकमध्ये गायब. कवडी पांढरीशुभ्र केली. बाईच्या बोटांवर फेअरनेस चालवला, नखांना हलका गुलाबी रंग दिला. अठरा वर्षांतलं माझं सर्वात सुंदर काम.

मग विचार केला, बाईच्या अर्जाला तरी गचाळ फोटो कशाला? साहेब लोकांच्या टेबलावर जाणार. मागे माझा शिक्का. उद्या कुणी म्हणायचं, प्रेमानंद फोटोवाल्याला फोकस जमत नाही. म्हणून बारा प्रिंट याच सुधारलेल्या काढल्या. पाकिटात घालून टेप मारली अन् बाईच्या दिराच्या हाती पाठवल्या. निरोप दिला की उघडू नका, हात लागला की ग्लॉस जातो.

हार्ड डिस्क लग्नांनी भरली आहे. म्हणून सुधारलेले फोटो मूळच्या जागीच सेव्ह केले. गुरुवारी लग्न आहे, कॅमेऱ्याचं कार्डही पुसून टाकलं. काम कसं स्वच्छ हवं.

६ डिसेंबर, बुधवार

स्टुडिओ बंद. सकाळी विहारात वंदनेला गेलो. मन शांत ठेवायचं ठरवलं होतं. वंदना संपून बाहेर आलो तर कट्ट्याच्या ॲडमिन रुख्मिणीताईंची पोस्ट: 'नाजिशच्या नव्या पानाची आम्ही सगळे वाट बघतोय.' सगळे म्हणजे कोण? मला विचारलं होतं?

मन अशांत.

८ डिसेंबर, शुक्रवार

या लोकांना आधी शिकवायला हवं, त्याशिवाय कदर कळणार नाही. सोमवारी काम करताना एक जोडफोटो करून ठेवला होता: डावीकडे आधीचं बोंड, अळी, बाईची बोटं, उजवीकडे माझं. तो टाकला. वर लिहिलं, 'फोटो असा असतो, अन् असा असायला हवा.' फाइल जड होती म्हणून टाकल्यावर कॉम्प्युटरवरून डिलीट.

दोन तासांत एकसष्ट कॉमेंट. सगळ्या डावीकडच्या फोटोबद्दल. 'डोळ्यात पाणी आलं.' 'हे हात कुणाचे?' एकीनं तर विचारलं, उजवीकडचं प्लॅस्टिकचं आहे का?

नाजिशनं लिहिलं, काका, डावीकडचा फोटो मी माझ्या पानात वापरू का? काका! मी त्रेचाळीसचा आहे. मी लिहिलं, घेऊन जा, तो कचराच आहे. अन् संतापून सगळी पोस्ट उडवली. बसा आता रडत.

१२ डिसेंबर, मंगळवार

पान टाकलं. नाव 'श्वेत समृद्धी'. मधे बाईच्या हातातलं बोंड, माझं, सुधारलेलं. भोवती फुकट मिळालेल्या डिसेंबर किटमधली सजावट: बर्फाचे कण, चांदीची रिबन, वरच्या कोपऱ्यात दोन सांबरं. महामाया चहा घेऊन आली अन् म्हणाली, जनकाबाईच्या वावरात बर्फ कधी पडला? कलेतलं तिला काही कळत नाही.

लाइक: ४. पैकी बाहेरचं एक. ते चुकून दाबलं गेलं असं त्या माणसानं खाली कळवलं आहे.

१५ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी ११

बाईचा फोन. तालुक्याच्या साहेबानं पाकीट उघडलं, बाराही फोटो टेबलावर मांडले अन् म्हणाला, एवढा सुंदर कापूस मी जन्मात बघितला नाही.

शेवटी दाद मिळाली. तीही सरकारी माणसाकडून.

११.२०. पुढचं ऐकलं नव्हतं, महामायानं परत फोन लावून दिला. साहेब पुढे म्हणाला की असा कापूस असताना भरपाई कशाची मागता? शेजारच्या टेबलावरचे लोक हसले म्हणे. दयाराम भाऊजी तिथून उठले अन् एस.टी. स्टँडपर्यंत बाईच्या पुढे पुढे चालत राहिले. बाई फोनवर ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. नुसतं म्हणाली, "प्रेम्या, अळी कुठी गेली बे?"

मी सांगितलं की घाबरायचं कारण नाही, परत फोटो काढू. तर फोटो पोचले या भरवशावर त्यांनी ११ तारखेलाच कपाशीची पऱ्हाटी उपटली, रोटाव्हेटर मारला अन् गहू पेरला. शेतात आता दाखवायला बोंड नाही. एवढी घाई करायची काय गरज होती?

१६ डिसेंबर, शनिवार

मूळ फोटो शोधले. डिस्कवर नाहीत. कार्डावर गुरुवारची नवरी, चारशे बारा पोझमध्ये. गेलेल्या फाइली परत आणायचं सॉफ्टवेअर टाकलं. त्यानं २०११ची एक मुंज अन् महामायाच्या मावशीचे तीन फोटो आणून दिले.

महामाया जेवण वाढते, पण ताट जरा जोरात ठेवते. मी तिला शांतपणे समजावलं की चूक ऑफिसची आहे, अळी दिसायलाच हवी असं अर्जावर कुठे छापलंय? तिनं ताट उचलून नेलं. मी अर्धाच जेवलो होतो.

१८ डिसेंबर, सोमवार. दुपार

नाजिशचं पान आलं.

नुसता पांढरा कागद. फूल नाही, रिबन नाही. मधे माझा डावीकडचा फोटो. भोवती लाल दोऱ्याचे टाके, शिलाई मशीनवर खरे घालून स्कॅन केलेले. नाव 'आतून'. खाली बारीक अक्षरात, 'फोटो: प्रेमानंदकाका, जानेफळ.' नऊशे लाइक, अन् अजून दुपारच आहे.

माझा फोटो! माझ्या नावासमोर परत काका! ताबडतोब ॲडमिनला तक्रार केली: चोरी, कॉपीराइट, वकील. शेवटचा शब्द दोनदा लिहिला. रुख्मिणीताईंनी तासाभरात पान उतरवलं अन् नाजिशला स्पर्धेतून बाद केलं. एक कॉमेंट नाही, एक लाइक नाही, सगळं साफ.

बऱ्याच दिवसांनी भूक लागली. महामायाला मोठ्यानं सांगितलं, चोराला कसा धडा शिकवला ते. ती भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, "म्हंजे जनकाबाईच्या अळीचा एकच फोटो राह्यला होता, अन् तोही तुमीच काढून टाकला?"

भाकरी तव्यावर करपली. आता मला भूक नाही.

१९ डिसेंबर, मंगळवार

रुख्मिणीताईंना लिहिलं की तक्रार मागे, पान परत लावा. उत्तर आलं: वकील शब्द आल्यामुळे आम्ही ते कायमचं काढलं आहे, क्षमस्व.

नाजिशला मेसेज करायचा विचार केला. पण तिला मी काल दुपारी, पान बघितल्या बघितल्या, ब्लॉक केलं होतं. ब्लॉक काढलं की म्हणे दोन दिवस तसंच राहतं, असं मी कुठेतरी वाचलंय. म्हणून काढलं नाही.

महामायानं बॅग भरून दारात ठेवली. आधी वाटलं, माहेरी निघाली. बॅग माझी होती. आत टॉवेल, पाण्याची बाटली अन् एक चिठ्ठी: देऊळगाव राजा, सईद टेलर. दुकानाचं नाव तिनं त्या टेपच्या पानावरच वाचलं होतं. म्हणजे माझ्या मागे उभी राहून सगळं वाचते. वहीची जागा बदलायला हवी.

२० डिसेंबर, बुधवार

बसमध्ये वाक्य पाठ केलं: 'मी तक्रार मोठ्या मनानं मागे घेतली आहे.' दोन बस बदलून पोचेपर्यंत चोख पाठ झालं.

सईद टेलरचं दुकान बाजाराच्या तोंडाशी. एक चष्मेवाले गृहस्थ मशीनवर, बाजूला जुन्या कॉम्प्युटरवर पोरगी. वीस-एकवीसची असेल. मला बघून उठली. नाव सांगितलं तर तिनं आधी स्टूल पुसून दिलं. सईदभाईंनी चहा मागवला. मला भांडण अपेक्षित होतं, तयारीही तशीच होती. चहावर कुणी भांडत नाही, सगळी तयारी वाया गेली.

वाक्य काही आठवलं नाही. बाईच्या अर्जाचं सांगितलं, सगळं. अळी कशी काढली तेही. सईदभाईंनी मशीन थांबवली. नाजिश म्हणाली, "काका, फोटोला मी हात लावला नाही. फक्त भोवती टाके घातले." मग म्हणाली की नुसता फोटो आता तिच्याकडेही नाही, जोडलेलं पानच उरलं आहे, टाक्यांसकट. पेन ड्राइव्हवर दिलं. बाद झाल्याबद्दल एक शब्द नाही. मीच विचारलं. म्हणाली, जाऊ द्या, अर्ज लागू द्या आधी.

अशा लोकांचा मला फार राग येतो. काही बोलायला जागाच ठेवत नाहीत.

बसमध्ये फोन बघितला. 'पांढरं' चॅलेंजचा निकाल लागला. पहिला नंबर पुण्याच्या एका बाईंच्या पांढऱ्या मांजराला.

२२ डिसेंबर, शुक्रवार

प्रिंट काल माझ्याच मशीनवर काढली. ब्राइटनेस थोडा वाढवावा असं हाताला दोनदा वाटलं. महामाया शेजारी उभी होती, वाढवला नाही. खालची ओळ अगदी काठावर असल्यानं छापताना कडेला कापली गेली. म्हणजे माझं नावही गेलं. कागदाचा साइजच तसा होता.

बाईसोबत तालुक्याला गेलो. साहेबानं फोटो घेतला. लाल टाक्यांवरून बोट फिरवलं अन् विचारलं, हे काय आहे? मी कला समजावणार होतो, बाईनं माझा दंड धरला. मग साहेब आतल्या फोटोकडे बघत राहिला. बोंड, अळी, बोटं. शेजारच्या टेबलावरचा माणूसही मान लांब करून बघून गेला. कुणी हसलं नाही. साहेबानं अर्जावर तारीख टाकली, शिक्का मारला अन् बाईला म्हणाला, मावशी, पोच जपून ठेवा.

बाहेर आल्यावर बाईनं पोचपावती पदराच्या गाठीला बांधली. माझ्याकडे फोटोची एक जास्तीची प्रत होती, ती मागून घेतली. पायरीवर बसून किती वेळ बघत राहिली. मग विचारलं, कोनं काढला हा? त्या पोरीनं?

मी म्हणालो, मी. खरंच मीच काढला आहे. तीन तारखेला, तुझ्याच वावरात, भाऊजी बांधावर बसले होते. तारीख सांगितली, वेळ सांगितली, कॅमेऱ्याचं मॉडेलसुद्धा सांगितलं.

बाईनं फोटोवरून नजर काढली नाही.

"चाल, काहीतरी सांगतं," ती म्हणाली. "तू काढला असता त अळी राह्यली असती काय?"

बस दीड तास उशिरा आली.