धाकटी किल्ल्या घेऊन गेली

सोम. ५ मे
सी ड्राइव्ह पुन्हा लाल. कळंबच्या लग्नाची फिल्म एक्स्पोर्ट होईना, जागाच नाही. शेवटी लिनक्स काढून टाकलं. प्रशांतने, माझ्या भावाने, हौसेने बसवलेलं. स्टुडिओचा कॉम्प्युटर रोज चालू केला की विचारायचा, विंडोज की लिनक्स? हे म्हणायचे, "दोन बायका, फजिती ऐका. थोरलीकडं का धाकटीकडं?"

धाकटीचा, म्हणजे लिनक्सचा, भाग विंडोजमध्ये शंभर टक्के मोकळा दिसत होता. डिलीट. ती जागा सीला जोडायची होती, जोडेना. मध्ये रिकव्हरीचा चिंचोळा तुकडा, बांधासारखा. मग तिथेच नवा ड्राइव्ह केला, फॉरमॅट मारला, कळंबचं एक्स्पोर्ट लावलं. अर्ध्यात लाईट गेली. यूपीएस कधीचा मेलाय. लाईटवाल्यांचं तळपट होवो.

मंगळ. ६ मे
लाईट आली. कॉम्प्युटर काही उठेना. काळी स्क्रीन, वर एक इंग्रजी ओळ. प्रशांत फोनवर हसला. "ताई, दार ती उघडायची. थोरलीचंसुद्धा." म्हणजे धाकटी गेली ती किल्ल्या घेऊन गेली. मलाही हसू आलं.

दुपारी मनीषाचा फोन. निमगाव सावाची, मागच्या महिन्यात तिचं लग्न आम्हीच शूट केलं. तिचे वडील, तिचे दादा, रविवारी गेले, अचानक. रडत नव्हती, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "ताई, पाठवणीला दादा माझ्या कानात काय तरी बोलले व्हते. बँडात मला नाय ऐकू आलं. तुमच्या माईकात आलं असंल ना?"
म्हटलं, असणारच. तेराव्याच्या आत देते.

संध्याकाळ. हे बोरीचं शूट उरकून आले. विचारलं, मनीषाचं रॉ फुटेज कुठंय?
"धाकटीकडं टाकलंय. सी फुल व्हता, तिकडं जागा व्हती."
काय केलं ते सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. एक बूट हातात धरून बसून राहिले. कॅमेऱ्यातली कार्डं? त्यांच्यावर पुढची लग्नं घेऊन झाली.

विंडोजला धाकटीचं वाचताच येत नाही म्हणे. वाचता येत नाही म्हणून मोकळं दाखवतो. काय हा शहाणा. आणि मी त्याचं ऐकलं.

बुध. ७ मे
प्रशांत: "बंद ठेव. कशालाच हात लावू नको. जेवढ्यावर नवीन लिहिलं गेलं तेवढं गेलं, बाकी असेल."
चहा घेताना हे एवढंच बोलले, "पड रान दिसलं म्हून लगेच नांगर घालत्यात व्हय? आदी इचारायचं, रान कुणाचं हाय." खरं बोलले म्हणून जास्त राग आला. भांडी आपटली.
लाईट गेली नसती तर सगळंच नांगरून झालं असतं. सोमवारचं तळपट परत घेते.

शुक्र. ९ मे
प्रशांत पुण्याहून आला. डिस्क काढून त्याच्या लॅपटॉपला लावली. फायली निघतायत, पण नावं गेली, नुसते आकडे. एकेक उघडून बघतेय. हळद. पंगत. रुसलेले मामा. अक्षतांना आवाज आहे, चित्र नाही. पाठवणी नाही.
मनीषाचा मेसेज, "ताई झालं का?" 'चालू आहे' लिहिलं. खोटं नाही, पण...

रवि. ११ मे
सापडली! गाडीचं दार, मनीषा, दादा टोपी सारखी करतात, तिच्या कानाशी वाकतात. "मने," हे स्वच्छ ऐकू येतं, बँड असूनही. आणि तिथेच चित्र थिजतं.

पुढचा तुकडा कुठे वेगळा पडलाय, की कळंबच्या लग्नाखाली गाडला गेला? प्रशांत म्हणतो, "बरीच डिस्क बाकी आहे, ताई." आशा लावतोय की समजूत काढतोय, कळत नाही.

हे म्हणाले, "एवढं तरी देऊ तिला." मी म्हटलं नको. नुसती हाक द्यायची? पुढचं जन्मभर शोधत बसेल पोर. मग वाटलं, बाप तिचा, हाक तिची, ठरवणारी मी कोण? फोन घेतला. ठेवला. पुन्हा ऐकलं. "मने,"

स्कॅन चालू आहे. लॅपटॉप बॅटरीवर निभावेल, डिस्कला मात्र लाईट लागते. आज जाऊ नको गं बाई.