लाल टोपीची काडतुसं

१४ जून

लागला! हॅल्वरला मूसच्या शिकारीचा परवाना लागला! सोडतीत नाव घालून घालून माणूस म्हातारा झाला. दर वर्षी "यंदा नक्की", आणि यंदा खरंच नक्की! निकाल बघितला आणि अंगणात जाऊन असा ओरडला, की रस्त्यापलीकडून लाइल धावत आला — त्याला वाटलं अस्वल आलं. लाइल म्हणजे माझा धाकटा दीर. म्हणाला, "दादा, बरं झालं. मूस घोड्याएवढा असतो, तुलाही दिसेल." नवरोबा इतके खुशीत की टोमणाही कळला नाही.

१५ जून

आता साहेबांना जोरदार काडतुसं हवीत. दुकानातली मिळमिळीत म्हणे. "आर्डिस, तू भरशील ना?"

भरेन. या घरात केक आणि काडतुसं दोन्ही मीच करते, कारण याचं माप म्हणजे "घाल अजून थोडं". रश्श्यात एक वेळ चालेल. बंदुकीच्या दारूत नाही.

३ जुलै

काडतुसं भरायचं पुस्तक काढून बसले. आमच्या काडतुसाला दारू किती घालायची याचे तीन तक्ते आहेत आणि सगळी गोम तिथंच. पहिला जुन्या, मऊ लोखंडाच्या बंदुकींचा. दुसरा आमच्या रायफलीचा, खालची लिव्हर ओढून काडतूस चढवतात तसल्या, जास्त दाबाचा. तिसरा त्याहून दणकट बंदुकींचा. आणि काडतूस? तेच! दारू आत कितीही असो, बाहेरून सगळी सारखी, कुठलंही कुठल्याही बंदुकीत निमूट बसतं.

आणि लाइलच्या भिंतीवर सासऱ्यांच्या आजोबांची बंदूक, पहिल्या तक्त्यातली. नुसती शोभेला नाही, तो ती हरणाला नेतो! दुसऱ्या तक्त्यातलं एक जरी काडतूस तिच्यात गेलं, तर बंदूक त्याच्या तोंडावर फुटेल. डोळे जातील, हात जाईल, तो स्वतः जाईल. मला सगळ्यात भीती याचीच. हॅल्वर म्हणतो, "अगं, तो काय वेडा आहे का?"

वेडा नाही. लाइल आहे.

म्हणून नियम केला. जोरदार काडतुसाच्या बुडाला जी ठिणगीची टोपी असते तिच्यावर लाल नेलपॉलिश. डबा लाल. लाइलला समोर बसवून सांगितलं, लालला हात लावायचा नाही. "हो हो वहिनी, लाल म्हणजे धडाम!" हसत होता. मला नाही हसू आलं.

९ जुलै

नवरोबांनी शहरातून गोळ्या आणल्या. टोकदार! परत पाठवलं. आमच्या रायफलीत काडतुसं नळीखाली एकामागे एक झोपतात, एकाचं नाक दुसऱ्याच्या टोपीला. टोकदार नाक धक्क्यानं टोपीवर आपटलं तर आतल्या आत बार! चपट्या नाकाच्याच हव्यात. "दिसायला छान होत्या गं," म्हणे. दिसायला!

२२ जुलै

वादळ. चेरीचा मुरंबा उतू गेला. बाकी काही नाही.

६ ऑगस्ट

भरायला बसले. फोन बंद, टेबलावर एकच दारू, हॅल्वर खोलीबाहेर. दाराआडून विचारतो, "झालं का?" — "कॉफी देऊ का?" — "झालं का?" नाही झालं! तक्त्यात सगळ्यात कमी जे वजन, तिथून सुरुवात. मग दारू जराजरा वाढवत पुढच्या पायऱ्यांची थोडी थोडी, वेगवेगळी. काडतुसाच्या प्रत्येक पितळी पुंगळीत बॅटरी मारून बघायचं, एकीत दारू दोनदा तर पडली नाही ना. मला हे काम फार आवडतं. डोकं कसं स्वच्छ होतं.

१७ ऑगस्ट

बार काढून बघायला खडीच्या खाणीत गेलो, डोळ्यांना चष्मे, कानांना झाकण. काय आवाज! छातीत घुमतो! खालच्या पायऱ्यांना सगळं झकास. वरच्या पायऱ्यांना गेलो तर लिव्हर थोडी अडली, आणि रिकाम्या पुंगळीची टोपी चपटी झालेली. म्हटलं, दाब फार झाला, बस, मागे फिरा. हॅल्वर हिरमुसला. "पुस्तकात तर अजून जागा आहे!"

"पुस्तक तुझ्या गालाला टेकत नाही. रायफल टेकते."

त्याहून जास्त दारूची काडतुसं न वापरता परत आणली. जी नीट चालली, त्या वजनाची आता जास्त भरायची.

२ सप्टेंबर

काडतुसं उत्तम. नवरा नाही! चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो. धक्क्यानं खांदा निळा-काळा, गोळी मातीत, डोळ्यांत पाणी, आणि वर म्हणतो, "मस्त लागतायत!" कमी जोराची देऊ का विचारलं तर असा बघतो, जणू दुधाची बाटली देते आहे.

असा गेला मूसला, तर जनावर जखमी करून सोडेल. आयुष्यभर झुरेल. मी ओळखते त्याला.

८ सप्टेंबर

आज एक केलं. पहिल्या तक्त्यातली भरली. तीच जड गोळी, दाब कमी. आणि टोप्यांना लाल नेलपॉलिश! लाल डब्यात घालून त्याच्या ट्रकमध्ये ठेवली. खरी जोरदार कुलपात.

१० सप्टेंबर

निशाणावर सगळ्या गोळ्या एका बशीत मावतील अशा! "बघितलंस? खांदा सरावला माझा!" मी ट्रकमागे जाऊन पोट धरधरून हसले.

२६ सप्टेंबर

मूस! मूस! मूस!

नदीकाठच्या झुडपांत, धुक्यात, अगदी जवळ. हॅल्वरनं डोळे उघडे ठेवले. एक गोळी. मूस चार पावलं चालला आणि बसला. हॅल्वर त्याच्या मानेवर हात ठेवून रडला, मग मीही. लाइलला बोलावलं. तिघं दिवसभर मांस वाहत होतो. पाठी मोडल्या, तोंडं बंद नाहीत. कलेजी कांद्यात परतली. इतकी सुखात मी कधी जेवले आठवत नाही.

३० सप्टेंबर

कॉफीच्या अड्ड्यावर रोज तीच गोष्ट. "आमच्या आर्डिसची काडतुसं! खांदा पाहिजे त्याला, खांदा!" सगळ्या गावाला सांगून झालं. मी गप्प. जीव खूष आहे ना, असू दे.

२४ ऑक्टोबर

लाइल आला, गाडीत हरीण. "वहिनी, उगाच घाबरवलंस गं! काडतुसं संपली होती, दादाच्या ट्रकमधली लाल उचलली. पणजोबांच्या बंदुकीतून. काही नाही झालं! अजून दे ना थोडी."

पायरीवर बसले, हॅल्वरला हाक मारली आणि दोघांना तिथंच सगळं सांगितलं: ट्रकमधली लाल खोटी, खरी कुलपात.

लाइल आपल्या हातांकडे बघत राहिला. हॅल्वर लालेलाल झाला. वाटलं, आता मूसचं विचारेल, अड्ड्यावर काय तोंड दाखवू म्हणेल. तसलं काही नाही. पुढे झाला आणि लाइलला असं घट्ट धरलं, की लाइल ओरडला, "दादा, बरगड्या!"

सोडेचना.